सोबतीचे पाऊल

घरात कोणी आजारी पडले की आपल्याकडे पहिला शब्द उच्चारला जातो तो 'विश्रांती'. अंथरूण नीट घातले जाते, खिडकीचा पडदा ओढला जातो, हातातले काम काढून घेतले जाते. "पडून राहा, दगदग करू नकोस" या वाक्यात जेवढी माया असते, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या वाक्यात असेल. ताप, कावीळ, विषमज्वर अशा दुखण्यांत पिढ्यान्‌पिढ्या हा उपदेश उपयोगी पडला. त्यामुळे कर्करोगासारखे मोठे दुखणे घरात शिरले की तोच उपदेश दुप्पट आग्रहाने केला जातो. या दुखण्यात मात्र ती माया अनेकदा उलटी पडते.

केमोथेरपी घेणाऱ्या माणसाला येणारा थकवा दिवसभराच्या कष्टाने येणाऱ्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोपूनही तो उतरत नाही. पडून राहिल्याने स्नायू क्षीण होतात. क्षीण स्नायूंना चार पायऱ्यासुद्धा जड जातात. जड जातात म्हणून माणूस आणखी पडून राहतो. हे चक्र थांबवण्यासाठी आजवर जे उपाय तपासले गेले, त्यांत बेताचा आणि नियमित व्यायाम औषधांपेक्षाही अधिक उपयोगी ठरला आहे. २०१९ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन त्याचे प्रमाणही सांगितले. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी ३० मिनिटे, थोडा दम लागेल असे चालणे किंवा तत्सम हालचाल. आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम. सूचना इतकी सोपी आहे की ती एका चिठ्ठीवर मावेल. तरीही ती चिठ्ठी हाती पडलेल्यांपैकी अनेक जण तिच्याप्रमाणे वागू शकत नाहीत. त्यांना ती समजत नाही असे मुळीच नाही. अडते ते घराच्या उंबरठ्यावर.

सांगलीतील एका निवृत्त शिक्षिकेचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया, मग केमोचे आठ डोस आणि शेवटी रेडिएशन, असे नऊ-दहा महिने उलटले होते. चाळीस मुलांच्या वर्गापुढे दिवसभर उभे राहण्यात जिचे आयुष्य गेले, ती आता न्हाणीघरापर्यंत जाऊन आली तरी पलंगाचा कठडा धरून बसत असे. रुग्णालयातून निघताना तिला व्यायामाचा एक छापील कागद मिळाला होता. भिंतीवर बोटे चढवत नेणाऱ्या स्त्रीची रेखाचित्रे त्यावर होती. तो कागद तिने घडी घालून औषधांच्या डब्यात ठेवला होता. गोळी घेताना तो रोज दिसे आणि रोज तसाच राही. आयुष्यभर मुलांचा गृहपाठ तपासणाऱ्या या बाईंना आपला गृहपाठ राहिल्याची टोचणी लागे, पण पाय उचलत नसे.

घरच्यांचे प्रेम उदंड होते. "आधी अंगात ताकद येऊ दे, मग चाल," असे पती म्हणत. चालल्याशिवाय ताकद येणार नाही हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सून पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसे. बाईंच्या स्वतःच्या मनातही भीती होतीच. रुग्णालयातील रांगेत शेजारी बसलेल्या कोणीतरी बजावले होते की ज्या बाजूची गाठ काढली त्या हाताने काहीही करायचे नाही, नाहीतर हात सुजतो आणि ती सूज जन्मभर जात नाही. तेव्हापासून डावा हात त्यांनी छातीशी धरून ठेवला होता. केमोमुळे पायांची बोटे बधिर झाली होती. डोक्यावर केस नव्हते. गल्लीत पाऊल टाकले की चार दारांतून चार चौकश्या येणार, हेही त्या जाणून होत्या. अशा वेळी घरात राहणे हाच शहाणपणा वाटू लागतो.

त्याच गल्लीत पापड-सांडग्यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एक काकू राहत. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या बाजूची तशीच शस्त्रक्रिया झाली होती. त्यांचा नातू बाईंच्या वर्गात शिकलेला, म्हणून वयाने मोठ्या असूनही त्या त्यांना 'बाई'च म्हणत. आजाऱ्याला भेटायला येणारी माणसे फळे आणतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि आवाज खाली आणून बोलतात. काकू आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि वरच्या फळीवरचा शेंगदाण्यांचा डबा त्यांनी उजव्या हाताने खाली काढला.

"बाई, हा हात बघा. सहा वर्षं झाली. याच हातानं रोज उडदाचं पीठ मळते. डॉक्टरांना विचारून थोडं थोडं वाढवत आले. एकदम नाही."

"पण काकू, मला तर दारापर्यंत जायचं त्राण नाही."

"मग दारापर्यंतच जाऊ. उद्या सकाळी सहाला मी येते. यायचं नसलं तर नाही म्हणा, मला राग नाही. पण आतून निरोप पाठवू नका. दारात येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी नकार देण्यासाठी बाई दारात आल्या. "आलाच आहात तर फाटकापर्यंत या की," काकू म्हणाल्या. त्या दिवशी फाटक झाले. चौथ्या दिवशी रस्त्यावरचा विजेचा पहिला खांब झाला. दुसऱ्या आठवड्यात तीन खांब, महिनाअखेरीस दूध डेअरीचा कोपरा. अंतर मोजायला घड्याळ नको की यंत्र नको. खांब पुरेसे होते. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग बरोबर, हे काकूंना त्यांच्या डॉक्टरांनी शिकवले होते. बधिर पायांना चपलेतून ठेच लागत असे, म्हणून काकूंनी बाईंना कापडी बूट घ्यायला लावले. नऊवारी नेसणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेल्या बाईंना साडीखाली बूट घालण्याची लाज वाटली. काकूंनी आपली साडी घोट्यापर्यंत उचलून स्वतःचे बूट दाखवले. विषय तेथेच संपला.

या प्रसंगात विचार करण्यासारखे बरेच आहे. डॉक्टर व्यायामाची परवानगी देतात आणि ती अत्यंत आवश्यक असते. घरचे लोक काळजी घेतात, तीही आवश्यक असते. पण "हे माझ्याने होईल का?" या रुग्णाच्या प्रश्नाला दोघांकडेही पुरेसे उत्तर नसते. डॉक्टरांचे ज्ञान पुस्तकातले आणि इतर रुग्णांवरून आलेले. घरच्यांची माया धडधाकट शरीरातली. त्या वाटेने आधी गेलेले माणूस समोर उभे राहते तेव्हा उत्तर शब्दांत द्यावेच लागत नाही. काकूंचा हात हाच काकूंचा युक्तिवाद होता. तसाच त्यांचा आग्रहही रुग्णाला बोचत नाही, कारण जे दुखते ते आग्रह करणाऱ्यालाही दुखलेले असते.

काकूंनी जे केले त्याला जुनी परंपरा आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९५२ साली अमेरिकेत टेरेसे लॅसर या महिलेची स्तनाची शस्त्रक्रिया झाली. त्या काळी ती शस्त्रक्रिया फार मोठी असे आणि तिच्याविषयी उघड बोलण्याचीही रीत नव्हती. हात पुन्हा कसा हलवायचा हे स्वतः शिकल्यानंतर लॅसरबाई इतर रुग्ण स्त्रियांच्या खाटेपाशी जाऊ लागल्या. त्यांच्याजवळच्या वस्तूंत एक रबरी चेंडू आणि एक दोरी असे. चेंडू मुठीत दाबायचा, दोरी दारावरून टाकून दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची. रुग्णाने रुग्णाला शिकवावे, ही कल्पना काही शल्यचिकित्सकांना रुचली नाही. तरीही काम वाढत गेले आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्या कार्यात सामावून घेतले. 'रीच टू रिकव्हरी' या नावाने ते पुढे अनेक देशांत पोचले. मुंबईतही १९९४ पासून 'व्ही केअर फाउंडेशन' या संस्थेत स्वतः कर्करोगातून गेलेली माणसे नव्या रुग्णांना धीर देण्याचे काम करीत आली आहेत.

हाताच्या सुजेची जी भीती बाईंना होती, ती निराधार नव्हती. काखेतील गाठी काढल्यावर किंवा तेथे रेडिएशन दिल्यावर शरीरातील लसीका द्रवाचा निचरा मंदावतो आणि काही स्त्रियांचा हात खरोखर सुजतो. त्यामुळे जोराच्या, पुनःपुन्हा केल्या जाणाऱ्या हालचाली टाळाव्यात, असे डॉक्टरही कित्येक वर्षे सांगत होते. कॅनडातील व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ साली हा समज तपासून पाहण्याचे ठरवले. त्यासाठी त्यांनी निवडला तो 'ड्रॅगन बोट' हा चिनी परंपरेतील नौकांचा खेळ. एका लांबट नौकेत वीस जण वल्ही मारतात, एक जण ढोलावर ताल धरतो आणि एक जण सुकाणू सांभाळतो. दंड, खांदे आणि पाठ यांना याहून कष्टाचे काम शोधून सापडायचे नाही. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या चोवीस स्त्रिया पुढे आल्या. आधी व्यायामशाळेत तयारी झाली, मग पाण्यावर सराव झाला आणि त्यांनी शर्यतीतही भाग घेतला. त्यांच्यापैकी एकीलाही नव्याने सूज आली नाही. १९९८ साली मॅकेन्झी यांनी हा अनुभव कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिला.

प्रयोग संपला, पण त्या स्त्रिया घरी गेल्या नाहीत. वल्ही त्यांना सोडवेनात. आज अशा नौकासंघांची चळवळ तीसहून अधिक देशांत पसरली आहे. २०१८ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे आणि २०२३ साली न्यूझीलंडमध्ये त्यांचे आंतरराष्ट्रीय मेळावे भरले. या नौकेत सहानुभूतीने मान हलवणारे कोणी नसते. वीस वल्ही एका तालात पडावी लागतात. आपले वल्हे थांबले तर पुढच्या आणि मागच्या बाईला ते तत्काळ कळते. बोलावेसे वाटले तर शेजारी समजून घेणारे माणूस असते. बोलावेसे वाटले नाही तर मुकाट्याने वल्हे मारता येते. "आपण सगळ्या मिळून दुःख सांगू या" म्हटले की ज्यांची जीभ अडखळते, त्यांनाही येथे सोबत मिळाली.

पुढे २००९ साली कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत याहून काटेकोर तपासणी केली. ज्यांचा हात आधीच सुजलेला होता अशा १४१ स्त्रियांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाने दाब देणारी बाही घालून, जाणकारांकडून शिकून, आठवड्यातून दोनदा अगदी हलक्या वजनांपासून सुरुवात करीत वर्षभर वजने उचलली. त्यांची सूज वाढली नाहीच. उलट सूज उफाळण्याचे प्रसंग दुसऱ्या गटाच्या मानाने सुमारे निम्मे झाले. काकूंच्या "थोडं थोडं वाढवत आले, एकदम नाही" या वाक्यात या संशोधनाचे सार आले आहे.

डेअरीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या या दोघींना हळूहळू आणखी सोबती मिळाले. उन्हाळा उतरल्यावर त्या आमराईत जाऊ लागल्या, तोवर पाच जण झाले होते. त्यांत एसटीतून निवृत्त झालेले एक चालक होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगानंतर त्यांच्या पोटावर शौचाची पिशवी बसवली होती. महाराष्ट्रभर गाडी हाकणारा हा माणूस त्या पिशवीमुळे वर्षभर गल्लीच्या बाहेर पडला नव्हता. पिशवी गळली तर काय, वास आला तर काय, हे प्रश्न त्यांना बायकोलाही विचारवत नव्हते. काकूंनी आपल्या एका गिऱ्हाइकाच्या भावाशी त्यांची गाठ घालून दिली. तो माणूस तीच पिशवी बांधून रोज सायकल चालवत असे. निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करायची, एक जास्तीची पिशवी आणि छोटा नॅपकिन खिशात ठेवायचा, चालण्याच्या तासभर आधी भरपेट खायचे नाही, सैल सदरा घालायचा. दहा मिनिटांच्या या बोलण्याने जे साधले ते वर्षभराच्या समजावणीने साधले नव्हते. "मामा, पहिल्या दिवशी मीपण आमराईच्या फाटकावरून परत आलो होतो," असे त्या सायकलवाल्याने सांगितले, तेव्हा मामा प्रथमच हसले.

या लहानशा मंडळाने काही नेम ठरवून घेतले होते. रोगाचा टप्पा, औषधांची नावे आणि तपासणीचे आकडे यांची तुलना करायची नाही. कोणी कोणाला औषध, काढा किंवा पथ्य सुचवायचे नाही. त्यासाठी ज्याचे त्याचे डॉक्टर आहेत. व्यायाम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारून यायचे. अंगात ताप असेल, चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, पाय किंवा हात नव्याने सुजला असेल, रक्तातील पेशी फार उतरल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर त्या दिवशी चालायचे नाही. आधी दाखवून यायचे. हाडांपर्यंत रोग गेला असेल तर वजन उचलणे, वाकणे, पिळवटणे हे तज्ज्ञाला विचारल्याखेरीज करायचे नाही. केमोनंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत पाच मिनिटे झाली तरी ती पुरेशी मानायची. आणि एखादा सोबती सलग तीन दिवस दिसला नाही, तर चौथ्या दिवशी फोन करायचा, "का आला नाहीस?" असे न विचारता "आज कसं आहे?" एवढेच विचारायचे.

अशा सोबतीने खरोखर काय साधते, या प्रश्नाला २०२५ साली मोठे बळ मिळाले. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्या पुढाकाराने चाललेल्या 'चॅलेंज' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष त्या वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि नंतरची केमोथेरपी पूर्ण केलेले ८८९ रुग्ण त्यात होते. एका गटाला व्यायाम आणि आहार यांविषयीची माहितीपुस्तके देण्यात आली. दुसऱ्या गटाला ती माहिती मिळालीच; शिवाय व्यायामाचा एक सल्लागार मिळाला. पहिले वर्षभर तो पंधरा-पंधरा दिवसांनी आणि पुढची दोन वर्षे दरमहा रुग्णाशी बोलत राहिला. काय जमले, काय अडले, पुढच्या वेळेपर्यंत किती वाढवायचे, एवढेच ते बोलणे. बहुतेकांनी निवडला तो व्यायाम म्हणजे भरभर चालणे. पाच वर्षांनंतर रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण पुस्तके मिळालेल्या गटात ७३.९ टक्के होते, तर सल्लागार लाभलेल्या गटात ८०.३ टक्के. आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८३.२ आणि ९०.३ टक्के होते. कागद दोन्ही गटांना मिळाला होता. माणूस एकाच गटाला मिळाला.

तो माणूस प्रशिक्षित होता, सहरुग्ण नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. काकूंसारख्या सोबतिणीने त्याची जागा घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण असा सल्लागार ज्या गावात नाही, त्या गावात छापील कागद डब्यातच राहणार असेल, तर तो बाहेर काढणारा हात कोणाचा तरी हवा.

या साऱ्याची खरी कसोटी मात्र तिसऱ्या वर्षी लागली. काकूंची पाठ दुखू लागली. कामाने दुखत असेल म्हणून त्यांनी महिनाभर अंगावर काढले. तपासणीत रोग मणक्यांत परतल्याचे निघाले. आमराईतल्या मंडळींना ही बातमी कळली त्या दिवशी कोणीच चालले नाही. बाकावर बसून सगळे उठून गेले. रोज न चुकता चालणारी, सर्वांना चालवणारी बाईच जर सुटली नाही, तर या चालण्याला अर्थ काय, हा प्रश्न कोणी बोलून दाखवला नाही, पण तो प्रत्येकाबरोबर घरी गेला. बाईंनी बूट काढून ठेवले ते अकरा दिवस घातले नाहीत.

बाराव्या दिवशी काकूंचाच फोन आला.

"बाई, कळलं मला, तुम्ही फिरायला जात नाही म्हणून. माझ्यामुळं ना?"

"काकू, तुम्ही एवढं चाललात आणि तरीही..."

"मी चालले म्हणून ही नऊ वर्षं मला उभ्यानं मिळाली. पापड लाटले, नातवाचं लग्न केलं. दुखणं येणार नाही असं मला कोणी लिहून दिलं नव्हतं. आता डॉक्टर म्हणतात, वाकू नका, काही उचलू नका, पण अंगणात हळू चालत राहा. अंगणात एकटीला कंटाळा येतो हो."

बाई गेल्या. काकूंच्या अंगणाला तुळशीभोवती एक फेरी म्हणजे जेमतेम वीस पावले. पहिल्या दिवशी चार फेऱ्या झाल्या. पुढे कधी सहा, कधी दोन, कधी नुसतेच ओट्यावर बसणे. मंडळातील इतरांनी वार वाटून घेतले. मामा आपल्या वारी येत आणि फेऱ्या मोजण्याचे काम कंडक्टरसारखे चोख करीत. हे पाच महिने चालले. काकू गेल्या त्याच्या आठवडाभर आधीपर्यंत त्यांनी ओट्यावरून उतरणे सोडले नव्हते.

या टप्प्यावर व्यायामाचा प्रचार करणाऱ्या प्रत्येकाने थांबून विचार करावा. वर दिलेल्या अभ्यासाचे आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचले पाहिजेत. सर्व साहाय्य लाभलेल्या गटातही पाच वर्षांत शंभरांतील सुमारे वीस जणांचा रोग उलटला, नवा कर्करोग उद्भवला किंवा त्यांचे निधन झाले. व्यायाम म्हणजे करारपत्र नव्हे. ज्याचा रोग परतला त्याने काही चुकवले असे मानणे अज्ञानाचे आहे आणि क्रूरपणाचेही. "तू चालला नाहीस म्हणून असे झाले" हे वाक्य आजाऱ्याच्या कानावर पडणार असेल, तर त्या सोबतीपेक्षा एकांत बरा. नौकासंघांनी हे फार पूर्वी ओळखले. त्यांच्या मेळाव्यांत शर्यती संपल्यावर सगळ्या नौका एकत्र येतात आणि गेलेल्या मैत्रिणींच्या स्मरणार्थ गुलाबी फुले पाण्यावर सोडली जातात. त्यानंतर वल्ही पुन्हा पाण्यात पडतात. गेलेल्यांना हरलेले मानणे त्यांच्या रिवाजात नाही.

मग चालायचे कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर काकूंच्या बोलण्यात आहे. आयुष्य किती मिळेल हे आपल्या हाती थोडेच असते. मिळालेले आयुष्य अंथरुणावर जाते की उभ्याने, यात मात्र आपला थोडा वाटा असू शकतो. तो वाटा उचलण्यासाठी बळ लागते आणि आजारपणात नेमके तेच आटलेले असते. अशा वेळी ते उसने देणारा कोणी भेटला तर माणूस तरतो. ज्याने ते उसने घेतले, त्याच्यावर ते पुढे देण्याचे ऋण राहते. बाईंनी ते काकूंना अंगणात फेडले आणि आता त्या नव्या रुग्णांकडे फेडत आहेत.

आपल्या समाजात आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याची चांगली रीत आहे. रुग्णालयाच्या खर्चासाठी निधी उभा राहतो, डबे पोचवले जातात, रक्तदाते मिळतात. या सेवेत एका लहान गोष्टीची भर घालता येईल. प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत या रोगातून पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेली चार माणसे असतात. त्यांतली बरीच जण तो काळ विसरू पाहतात, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्यावर कोणी सक्ती करू नये. पण ज्यांची तयारी असेल त्यांची नावे महिला मंडळाकडे किंवा युवक मंडळाकडे, त्यांच्या संमतीने, नोंदवून ठेवता येतील. स्थानिक डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना एखाद्या रविवारी बोलावून, कोणी केव्हा चालावे आणि केव्हा चालू नये, हे त्यांना समजावून देता येईल. स्त्रीला स्त्रीची आणि शक्यतो त्याच दुखण्यातून गेलेल्याची सोबत मिळेल असे पाहता येईल. समाजमंदिराचे आवार सकाळी तासभर मोकळे असतेच. पावसाळ्यात त्याची ओसरी चालण्यासाठी पुरते. घरच्यांनाही या बोलण्यात सामील करून घेतले पाहिजे, कारण "पडून राहा" म्हणणारे तेच असतात आणि उद्या दार उघडून "जाऊन ये" म्हणणारेही तेच असणार आहेत.

याला मोठा निधी लागत नाही. कोणीतरी सकाळी वेळेवर दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहावे लागते आणि नकार मिळाला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते. ज्याने हे दुखणे भोगले आहे त्याला त्या नकाराचा अर्थ कळतो. म्हणून ते काम त्यालाच सर्वांत चांगले जमते.